शहराची ओसरी



शहराचें वर्णन करावयास निघालेला मनुष्य सामान्यतः तेथील सर्वांत उंच इमारतीपासून आरंभ करितो. मी आज सर्वांत बुटक्या बांधकामापासून आरंभ करणार आहें. तें बांधकाम म्हणजे कट्टा. दीड-दोन फूट उंचीची, हातभर रुंदीची, दगडाची वा विटांची एक ठेंगणी भिंत. तिला छप्पर नाहीं, दार नाहीं, आणि तिचें भाडें मागावयास कोणी येत नाहीं. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत तिला स्थान मिळत नाहीं, आणि शहरें कशीं असावीं याची चर्चा करणारे विद्वानहि तिच्याकडे क्वचितच वळून पाहतात. परंतु एखादें शहर माणसांनीं राहण्याजोगें आहे किंवा नाहीं याची परीक्षा करावयाची असेल, तर तेथील मनोरे मोजण्यापेक्षां तेथील कट्टे मोजावे, असें माझें मत आहे.

कट्टा या शब्दाचा अर्थ मी येथें जरा व्यापक घेणार आहें. ज्या जागीं मनुष्यास पैसा न देतां, परवानगी न मागतां आणि कारण न सांगतां बसतां येतें, ती जागा म्हणजे कट्टा. मग तो बागेंतील बाक असो, वाचनालयाची पायरी असो किंवा समुद्राचा कठडा असो. पैसा, परवानगी आणि कारण, या तीन गोष्टी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. कारण माझें पुढील सर्व विवेचन या तीन खुंट्यांवरच टांगलेलें आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. खेड्यांत वडाला किंवा पिंपळाला पार असतो, जुन्या घराला ओसरी असते. ओसरी ही मोठ्या शहाणपणाची योजना होती. ती धड घरांत मोडत नसे आणि धड रस्त्यांतहि मोडत नसे. उन्हांतून आलेल्या वाटसरूनें तेथें टेकावें, तांब्याभर पाणी मागावें, घटकाभर विसावा घ्यावा, आणि घरधन्याच्या माजघरांत डोकावल्यावांचून आपल्या वाटेस लागावें. परंतु जुन्या गोष्टींचे गोडवे गातांना एक सत्य विसरून चालणार नाहीं. पारावर बसण्याचा अधिकार गांवांतील सर्वांस नव्हता. ज्यांना गांवकुसाबाहेर राहावें लागे, त्यांना त्या पाराची सावलीहि निषिद्ध होती. बसणाऱ्यास 'तूं कोणाचा कोण?' हा प्रश्न विचारल्यावांचून गांव त्याला बसूं देत नसे.

शहराचें खरें आश्वासन हेंच कीं, तेथें हा प्रश्न विचारला जाणार नाहीं. बाकावर शेजारीं बसलेल्या मनुष्याचें आडनांव ठाऊक नसतांहि त्याच्याशीं पावसाविषयीं चार शब्द बोलतां येतात, आणि न बोलतांहि राहतां येतें. शिवाय शहरांतील घरें लहान. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसें राहूं लागलीं म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुलास कोपरा उरत नाहीं, नव्यानें लग्न झालेल्या जोडप्यास दोन शब्द बोलावयास आडोसा उरत नाहीं, आणि पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्यास आपण वाटेंत येत आहों असें दिवसभर वाटत राहतें. अशा घराला ओसरी नसते. तेव्हां ती ओसरी शहरानें बांधावयाची असते. मैदान, बाग आणि कट्टा या सर्वांची मिळून शहराची सामायिक ओसरी होते.

आतां ही ओसरी आपणांस मिळाली कशी, हें पाहूं. मुंबईचेंच उदाहरण घेऊं. दक्षिण मुंबईंत ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज हीं जीं मैदानें आज आहेत, तीं कोणा उदार राज्यकर्त्यानें रयतेच्या विरंगुळ्यासाठीं राखलेलीं नाहींत. त्यांचा जन्म भीतींतून झाला. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांची झोंप उडाली; व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून त्यांनीं आपल्या तटाभोंवतीं खंदक खणविला. पुढें तटाबाहेरचीं घरें व झाडें हटवून एक विस्तीर्ण पट्टा मोकळा ठेवण्यांत आला. चाल करून येणाऱ्या शत्रूस आडोसा मिळूं नये आणि किल्ल्यावरील तोफेसमोर अडथळा नसावा, एवढाच त्यांतील हेतु. त्या पट्ट्यास एस्प्लनेड म्हणत. १८६२ ते १८६७ या काळांत सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आले. तोफा गेल्या आणि लोकांस मैदान मिळालें.

मिळालें असें मीं म्हटलें खरें; परंतु तें हातीं राखण्यासाठीं भांडावें लागलें. १८७५ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याकडे या मैदानाचा एक चांगला तुकडा गेला. तेथें त्या काळीं हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे. उरलेल्या जागेंत पारशी, हिंदु व मुसलमान तरुण क्रिकेट खेळत. त्याच हिरवळीवर युरोपीय अंमलदार पोलो खेळूं लागले, आणि घोड्यांच्या टापांनीं जमीन अशी उखडली जाऊं लागली कीं, दुसऱ्या दिवशीं चेंडू कोठून कसा उसळेल याचा भरंवसा राहिना. १८८१ सालीं शेंकडों एतद्देशीय खेळाडूंनीं सह्या करून सरकारकडे अर्ज केला. मूठभर लोकांच्या करमणुकीसाठीं शेंकडों मुलांचें मैदान खराब करावें काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. हा झगडा पुढें अनेक वर्षें चालला, आणि शापुरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें १८९७ सालीं पुस्तक लिहून त्याची साद्यंत हकीकत नोंदून ठेविली. पुढें शतकानंतर, १९८८ च्या फेब्रुवारींत, याच एस्प्लनेडचा भाग असलेल्या आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. त्या भागीचें श्रेय १८८१ च्या अर्जदारांस देणें ही अतिशयोक्ति होईल. परंतु तेथें खेळण्याचा हक्क आपला आहे असें प्रथम कागदावर लिहून देणारे तेच होते, हें विसरतां कामा नये.

या हकीकतींतून जो सिद्धान्त निघतो, त्याचें याहून फार मोठें आणि फार गंभीर उदाहरण महाडचें आहे. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें सरकारी पैशावर चालणारीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादि सार्वजनिक स्थळें अस्पृश्य मानलेल्या समाजास खुलीं ठरलीं. महाडच्या नगरपालिकेनेंहि आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदोपत्रीं तळें सार्वजनिक झालें. प्रत्यक्षांत ओंजळभर पाणी घेण्याची कोणाची छाती होईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची शुद्धि करण्याचा अमानुष प्रकार झाला, दावे झाले. आणि अखेर १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षें लागलीं. परंतु तें तळें खऱ्या अर्थानें सार्वजनिक झालें तें ठरावाच्या दिवशीं नव्हे आणि निकालाच्याहि दिवशीं नव्हे. ज्या दिवशीं लोक तेथें चालत गेले त्या दिवशीं झालें.

मला आज जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. 'सार्वजनिक' हें विशेषण जागेला कायमचें चिकटत नाहीं. दस्तऐवजावर तें लिहिलेलें असूं शकेल, दगडावर कोरलेलें असूं शकेल; तथापि लोक जोंपर्यंत ती जागा रोज वापरतात आणि तिच्यासाठीं भांडावयास तयार असतात, तोंपर्यंतच तें खरें असतें.

आतां पुन्हां मुंबईकडे वळूं. १८९६ सालीं प्लेगनें मुंबईंत थैमान घातलें, तेव्हां हवा व उजेड नसलेल्या गल्ल्या माणसांस मारतात हें सरकारास उमगलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा या बाजूस रुंद रस्ते व मोकळ्या जागा यांसह नव्या वस्त्या आंखण्यांत आल्या. माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स हें त्या धोरणाचेंच फळ. अशाच काळांत, १९२५ सालीं, मुंबई म्युनिसिपालिटीनें सुमारें २८ एकरांचें एक मैदान माहीम पार्क या नांवानें लोकांस खुलें केलें. दोन वर्षांनीं, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच १९२७ सालीं, अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेच्या पुढाकारानें त्याचें नांव शिवाजी पार्क झालें. या बाई म्हणजे चंपारण्यांत गांधीजींबरोबर काम केलेल्या आणि मराठींत त्यांचें पहिलें चरित्र लिहिलेल्या कार्यकर्त्या. मुंबईच्या सर्वांत प्रसिद्ध मैदानाचें नांव एका स्त्रीच्या प्रयत्नानें ठरलें, ही गोष्ट त्या मैदानावर रोज फिरणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?

या मैदानाभोंवतीं जो कट्टा आहे, तो महाराष्ट्रांतील सर्व कट्ट्यांचा वडील बंधु म्हणावयास हरकत नाहीं. बुटकी भिंत सामान्यतः हद्द दाखविण्यासाठीं असते. लोकांनीं तिचें आसन केलें. पहांटे तेथें फिरावयास आलेले वृद्ध टेकतात. सकाळीं क्रिकेट शिकणाऱ्या मुलांच्या आया डबे व पाण्याच्या बाटल्या संभाळीत बसतात. दुपारीं झाडाच्या सावलींत टॅक्सीवाले व सामान पोंचविणारे तरुण पाठ टेकतात. संध्याकाळीं महाविद्यालयांतील टोळकीं जमतात, त्यांच्या शेजारीं निवृत्त शिक्षक सरकारच्या धोरणाचा निकाल लावीत असतात, आणि त्यापलीकडे एखादा एकटा मनुष्य कानांत यंत्र घालून पॉडकास्ट ऐकत असतो. हीं सर्व माणसें एका घरांत कधींहि एकत्र आलीं नसतीं, आणि एका सभेंत तर मुळींच नाहीं. कट्ट्यानें त्यांना एकमेकांचे मित्र केलें असें मी म्हणत नाहीं. त्यानें त्यांना एकमेकांस पाहण्याची संवय लाविली. शहरास तेवढी संवय पुष्कळ असते.

मरीन ड्राइव्हच्या कठड्याची कथाहि अशीच आहे. बॅकबेचा समुद्र हटविण्याची योजना गव्हर्नर लॉइड यांच्या अमदानींत, १९२० च्या सुमारास, जोरानें हातीं घेण्यांत आली. तिच्यांत पैशाचा एवढा नाश झाला कीं 'लॉइडची मूर्खता' म्हणून तिची अपकीर्ति झाली. तो गैरकारभार वेशीवर टांगणारे वीर नरिमन यांच्यावर हार्वे नांवाच्या अधिकाऱ्यानें बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. त्या बदनाम योजनेंतूनच पुढें जो समुद्रकांठचा रस्ता झाला, त्याचा कठडा लाटा थोपविण्यासाठीं होता. मुंबईकरांनीं त्याचें बाक केलें. कोणत्याहि नकाशावर 'येथें दमलेल्या कारकुनानें घटकाभर सूर्यास्त पाहावा' असें लिहिलेलें नव्हतें.

कट्टा आणि मैदान हीं केवळ विश्रांतीचीं ठिकाणें नव्हेत. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांस शेवटचा निरोप देण्यासाठीं गिरगांव चौपाटीवर जो जनसागर लोटला, त्यास सामावून घेण्याचें सामर्थ्य कोणत्या सभागृहांत होतें? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत शिवाजी पार्कवर झालेल्या सभांनीं एका राज्याच्या जन्मास हातभार लावला. दर वर्षीं ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनास येणाऱ्या असंख्य लोकांचा मुक्काम याच मैदानांत पडतो. ज्यांच्या आज्यापणज्यांना गांवच्या पारावर बसावयाची मनाई होती, त्यांचीं नातवंडें तेथें हक्कानें पथारी पसरतात. आणि मार्च २०१८ मध्यें नाशिकहून पायीं निघालेले हजारों शेतकरी मुंबईंत आले, तेव्हां शाळांतील मुलांच्या परीक्षेस अडथळा येऊं नये म्हणून ते रात्रींच चालत आझाद मैदानावर पोंचले. त्यांच्या फाटलेल्या पायांसाठीं मुंबईकरांनीं चपला आणून दिल्या. शहर आणि खेडें यांची अशी समोरासमोर गांठ पडावयास मोकळी जमीन लागते.

येथें एक अडचणहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. विसावा शांतता मागतो, आणि सभा आवाज करते. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीं ध्वनिक्षेपकांस कंटाळून न्यायालयांत धांव घेतली, आणि २०१० सालीं हायकोर्टाच्या आदेशानें तो परिसर शांतताक्षेत्र ठरला. कोणाची बाजू खरी? माझ्या मतें दोन्ही खऱ्या. ओसरी सामायिक असली म्हणजे तिच्यावर भांडणें व्हावयाचींच. ज्या जागेबद्दल कोणीच भांडत नाहीं, ती जागा बहुधा कोणाचीच राहिलेली नसते.

कट्ट्याचें महत्त्व केवळ मराठी मनुष्याच्या गप्पांच्या हौसेंत आहे असें कोणी समजूं नये. न्यूयॉर्क शहरानें १९६१ सालीं असा नियम केला कीं, जो बांधकाम करणारा आपल्या इमारतीपुढें लोकांसाठीं मोकळें प्रांगण सोडील, त्यास अधिक मजले बांधूं द्यावे. प्रांगणें पुष्कळ झालीं; परंतु त्यांतील अनेक ओस पडलेलीं असत. विल्यम व्हाइट नांवाच्या अभ्यासकानें या जागांवर कॅमेरे लावले आणि कोणत्या प्रांगणांत माणसें येतात व कोणत्या येत नाहींत, हें चिकाटीनें पाहिलें. त्यानें उन्हाचा विचार केला, आकाराचा केला, सौंदर्याचा केला. आणि अखेर जें उत्तर निघालें तें इतकें साधें होतें कीं कोणास हंसूं यावें. जेथें बसावयास जागा असते तेथें माणसें बसतात. १९७५ सालीं न्यूयॉर्कनें आपला नियम सुधारून अशा प्रांगणांत बसण्याची सोय ठेवणें बंधनकारक केलें. आमच्या आजोबांस जें पारावर बसल्या बसल्या ठाऊक होतें, तें सिद्ध करावयास तेथें कॅमेरे लागले. परंतु त्यांनीं तें सिद्ध झाल्यावर कायद्यांत घातलें, हा त्यांचा विशेष.

आतां त्या तीन खुंट्यांकडे येतों. पैसा, परवानगी आणि कारण यांवांचून बसण्याचा हा जो हक्क, तो आज तिन्ही बाजूंनीं आकसत आहे.

प्रथम पैसा. नव्या वस्त्यांत फिरावयास जागा कोठें, असें विचारलें तर लोक मॉलकडे बोट दाखवितात. मॉल थंड असतो, स्वच्छ असतो, आणि तेथें जाण्यास तिकीट नसतें हेंहि खरें. परंतु तेथें निवांत टेकावयाचें असेल तर बहुधा कॉफीचा पेला समोर असावा लागतो, आणि तो पेला संपला कीं खुर्ची टोंचूं लागते. ज्याच्या खिशांत त्या पेल्याचे पैसे नाहींत, तो मनुष्य दारावरच्या पहारेकऱ्याची नजर पाहूनच परत फिरतो. जेथें बसण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो, तें दुकान होय, ओसरी नव्हे.

दुसरी परवानगी. कट्ट्यावर लोखंडी खिळे बसविणें, दोन जण बसतील इतक्या जागेंत लोखंडी पट्ट्या उभारणें, बाकाच्या मधोमध दांडा घालून कोणी आडवें होऊं नये अशी व्यवस्था करणें, हे प्रकार आतां आपल्याही शहरांत दिसतात. अनेक गांवीं सार्वजनिक बागा भर दुपारीं बंद ठेवण्याची चाल आहे. ज्याच्या घरीं पंखा आहे त्याला तिचें दुःख नसतें. परंतु दुपारचीच तेवढी सावली ज्याला हवी असते, अशा हमालास, फेरीवाल्यास आणि बांधकामावरच्या बाईस त्या बंद फाटकाबाहेर पदपथावर बसावें लागतें. बाग कोणासाठीं राखली आणि कोणापासून राखली, हें त्या कुलुपावरून कळतें.

तिसरें कारण. या बाबतींत आपल्या घरांतील अर्ध्या माणसांची स्थिति उरलेल्या अर्ध्यांहून निराळी आहे. पुरुष कट्ट्यावर बसला म्हणजे तो बसला. स्त्री एकटी बसली म्हणजे ती कोणाची तरी वाट पाहत असली पाहिजे, कोठून तरी आलेली असली पाहिजे, कोठें तरी जावयाची असली पाहिजे, असा सर्वांचा समज. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे या तीन विदुषींनीं मुंबईचा अभ्यास करून २०११ सालीं 'व्हाय लॉयटर?' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हा विषय फार मार्मिकपणें मांडलेला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, स्त्रीला शहरांत वावरतांना आपण कामावर निघालों आहों असें सतत दाखवावें लागतें. आणि तिला केवळ संरक्षण देऊन भागणार नाहीं, कांहीं काम नसतांना उगाच रेंगाळण्याचा अधिकारहि तिला असला पाहिजे. संरक्षणाच्या नांवाखालीं तिला लवकर घरीं पाठविणें सोपें असतें. ती संध्याकाळीं सातला कट्ट्यावर निर्हेतुक बसूं शकेल असें शहर करणें अवघड. त्यासाठीं दिवे लागतात, मुताऱ्या लागतात, आणि मुख्यतः दुसऱ्या दहा स्त्रिया तेथें बसलेल्या असाव्या लागतात. स्त्रियांना स्वच्छ व विनामूल्य मुतारी मिळावी एवढ्यासाठीं मुंबईंत २०११ पासून चळवळ करावी लागली, हें आपल्या नगररचनेस भूषणावह नाहीं. ज्या जागीं चार तास बसावयाचें तेथें ही सोय नसेल, तर तेथें बसण्याचा हक्क निम्म्या शहरापुरताच उरतो.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, आपण कट्ट्याचें फार कौतुक करितां, पण तेथें टवाळ पोरें जमतात, घाण होते, येणाऱ्याजाणाऱ्यांस त्रास होतो. त्यापेक्षां कुंपण बरें." हा आक्षेप निराधार नाहीं. आपल्या इमारतीखालीं मध्यरात्रीं चाललेला आरडाओरडा ज्यानें सोसला आहे, त्याला तत्त्वज्ञान ऐकवूं नये. तथापि दोन गोष्टींचा विचार व्हावा. घाण होते तर झाडावयाची योजना करावी, आरडाओरडा होतो तर तेवढ्यापुरता बंदोबस्त करावा. दोन जणांच्या वागणुकीसाठीं दोनशे जणांचें आसन काढून घेणें, हा उपाय रोग्यासच हलविण्यासारखा आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, ओसाड जागा सुरक्षित नसते. अमेरिकेंतील जेन जेकब्स या लेखिकेनें १९६१ सालींच आग्रहानें प्रतिपादिलें होतें कीं, रस्त्यावर सज्जनांचे डोळे जितके अधिक, तितकी तेथें निर्भयता अधिक. कुंपणानें प्रथम दूर होतात ते सज्जनांचे डोळे. टवाळ मनुष्य कुंपणावरून उडी मारूं शकतो.

तर मग आपण करावें काय? आपण म्हणजे नगररचनाकार नव्हे. आपण म्हणजे सायंकाळीं घरीं बसून हें भाषण ऐकणारीं सुशिक्षित कुटुंबें. पहिलें काम असें कीं, शहराचा विकास आराखडा म्हणजे वकिलांचा व कंत्राटदारांचा विषय, ही समजूत टाकून द्यावी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यावर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार नागरिकांस दिलेला आहे. हा अधिकार कागदी नाहीं. २०१५ सालीं मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील असंख्य चुकांवर लोकांनीं हजारोंनीं हरकती घेतल्या. आणि दोन-तीन महिन्यांतच तो मसुदा नव्यानें करण्याचा आदेश राज्य सरकारास द्यावा लागला. पुढच्याच वर्षीं, २०१६ मध्यें, मैदानें व उद्यानें खाजगी संस्थांस संभाळावयास देण्याचें धोरण महापालिकेंत संमत झालें. नागरिक उठले, आणि त्या धोरणास स्थगिति मिळाली. पोलोविरुद्ध १८८१ सालीं अर्ज करणारे ते तरुण आणि हे हरकती लिहिणारे गृहस्थ एकाच घराण्यांतले होत.

दुसरें काम घराजवळचें आहे. आपल्या इमारतीची पुनर्बांधणी होतांना रस्त्याकडील भिंत पुरुषभर उंच करावी कीं गुडघ्याएवढी ठेवून वर जाळी बसवावी, हा प्रश्न सोसायटीच्या सभेंत येतो. त्या सभेंत बहुधा दहा मिनिटांत उंच भिंतीचा ठराव होतो, कारण बुटक्या भिंतीच्या बाजूनें बोलावयास कोणी उभें राहत नाहीं. तेथें एकानें तरी उभें राहावें. टपाल घेऊन आलेला मनुष्य, शेजारची मोलकरीण, शाळेंतून येणारें थकलेलें मूल, यांना टेकावयास दोन हात जागा आपल्या दाराशीं असली तर आपली मालमत्ता कमी होत नाहीं.

आणि तिसरें काम सर्वांत सोपें. म्हणूनच बहुधा तें राहून जातें. तें म्हणजे जाऊन बसणें. आपल्या पेठेंतील बागेंत, मैदानावर, नदीच्या घाटावर आठवड्यांतून दोन सायंकाळीं जाऊन बसावें. एकट्यानें न जातां घरांतील आईस, सुनेस, मुलीस बरोबर न्यावें, आणि त्या एकट्या जाऊं म्हणाल्या तर 'कशाला?' असें विचारूं नये. महाडच्या लोकांनीं तळें आपलें करण्यासाठीं लाठ्या खाल्ल्या. आपणांस तर केवळ घटकाभर रिकामें बसावयाचें आहे.